गेटवरच्या झोपेची चौकशी

आमच्या सोसायटीत एक मे फार जोरात साजरा होतो. महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन एकाच तारखेला येतात, त्यामुळे एकाच झेंड्यात आणि एकाच नाश्त्यात दोन्ही उरकतात. पिंपळे सौदागरमधल्या या सोसायटीतली निम्मी माणसं पिंपरी, भोसरी, चाकणच्या कंपन्यांमधून निवृत्त झालेली. उरलेली निम्मी म्हणजे त्यांची मुलं आणि सुना. ती तळवड्याला नाहीतर हिंजवडीला संगणकापुढे बसतात. मीही त्यातलाच. साताऱ्याकडून आलो, पिंपरीतल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये हयात काढली, आणि आता मुलाच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या दोन कपाटांसह राहतो. त्या कपाटांना जागा देताना सुनेने जो समजूतदारपणा दाखवला, तो तिच्या जागी मी दाखवला नसता.

त्या वर्षी चेअरमननी भगवा फेटा बांधला होता. आमचे चेअरमनही जुने कामगार. चाकणकडच्या एका कंपनीत ते युनियनच्या कमिटीवर होते. कंपनीच्या गेटसमोर उपोषणाला बसल्याचा त्यांचा फोटो क्लबहाऊसमध्ये लावलेला आहे. त्यात ते बरेच बारीक दिसतात, पण ते उपोषणामुळे की तेव्हाच्या वयामुळे, हे फोटोवरून कळत नाही. भाषणात ते म्हणाले, "या शहराची एकेक वीट कामगाराच्या घामाने भिजलेली आहे." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. झेंड्याच्या खांबाशेजारी आमचा वॉचमन सॅल्यूट करून उभा होता. सॅल्यूट कधी सोडायचा हे त्याला कोणी सांगितलं नसावं. भाषण वाढत गेलं तसा त्याचा हात कपाळावरून कानाकडे आणि कानावरून खांद्याकडे उतरत गेला.

हा माणूस धाराशिवकडचा. भोसरीत एका वर्कशॉपमध्ये तो वर्षानुवर्षं हेल्पर होता. वर्कशॉप बंद पडलं तेव्हा त्याने सिक्युरिटी एजन्सीचा निळा गणवेश घातला. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण दिसायला तसा नाही. काळेवाडीत त्याची खोली होती आणि बायको आमच्याच सोसायटीत काही घरी पोळ्या करायची, आमच्याही. सकाळी दोघं चालत येत. रस्ताभर बोलत येत आणि गेटजवळ आली की बोलणं बंद. मग ती लिफ्टकडे जायची आणि तो रजिस्टर उघडायचा, जणू ओळखच नाही. कामाची जागा एक आहे, येणंजाणं एकत्र होतं, एवढी एक गोष्ट त्या दोघांच्या दिवसात बरी होती. ती जपायला ती दोघं फार काळजी घेत.

संध्याकाळी फिरायला निघालो की मी त्याच्यापाशी थांबायचो. काखेत पुस्तक असायचंच.

"काय वाचायलाव साहेब आज?"

"साहेब म्हणू नका हो मला. मीही कामगारच होतो."

"बरं साहेब."

मग मी त्याला आठ तासांची पाळी, आठवड्याची सुट्टी, जादा कामाचा दुप्पट दर हे सगळं समजावून सांगायचो. हे आमच्या पिढीला फुकट मिळालेलं नाही, त्यासाठी माणसांनी काय काय सोसलं, वगैरे. त्याची ड्यूटी बारा तासांची होती. सुट्टी घेतली तर खाडा. तो सगळं शांतपणे ऐकायचा. मी थांबलो की म्हणायचा, "कायदा हाय की साहेब. रिलीव्हर न्हाई."

रिलीव्हर म्हणजे पाळी संपल्यावर जागा घ्यायला येणारा माणूस. तो आला नाही तर आधीच्याने गेट सोडून जायचं नाही, हा एजन्सीचा नियम. तो कुठे लिहिलेला नाही, पण तेवढाच एक नियम काटेकोर पाळला जातो.

त्या एक मेच्या आदल्या संध्याकाळी मी खाली उतरलो तेव्हा त्याची सुटायची वेळ टळून गेली होती आणि तो गेटवरच होता. बायको पिशवी घेऊन कट्ट्यावर बसली होती.

"रातचा गडी आला न्हाई. फोन बी बंद ठिवलाय त्यानं," तो मला म्हणाला. मग बायकोला म्हणाला, "तू जा. डबा-बिबा पाठवू नको. हितंच काहीतरी खातो."

सकाळी झेंड्याला उतरलो तर तोच. डोळे तांबारलेले, दाढीचे खुंट वर आलेले. पण गणवेशावर पाण्याचा हात फिरवून त्याने सुरकुत्या मोडल्या होत्या. चेअरमन फेटा सावरत होते, त्यांच्यापुढे तो उभा होता.

"साहेब, काल सकाळधरनं मीच हाय. जरा घरला जाऊन येऊ का? नुसती पाठ टेकतो."

"अरे भाऊ, झेंडा तर होऊ दे! सॅल्यूटला युनिफॉर्ममधला माणूस नको का? मग जा खुशाल."

मी शेजारीच होतो. म्हणालो, "होऊन जाऊ द्या आता. कितीसा वेळ लागणार आहे!"

झेंड्यानंतर भाषण झालं, भाषणानंतर सत्कार, सत्कारानंतर नाश्ता आणि नाश्त्यानंतर खुर्च्या उचलायच्या होत्या. 'मग जा खुशाल' मधला 'मग' पोह्यांत कुठेतरी हरवला. तो त्याने पुन्हा मागितला नाही आणि आम्हीही आठवण काढली नाही. सत्कारात मलाही ज्येष्ठ कामगार म्हणून एक शाल मिळाली.

दुपारी मी माझी वामकुक्षी आटोपून फोन हातात घेतला, तर सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आलेला. गेटवरच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत वॉचमन झोपलेला, टोपी गुडघ्यावर, तोंड उघडं. बाहेरून आलेल्या कुणाला तरी हॉर्न वाजवून स्वतः उतरून फाटक उघडावं लागलं होतं आणि त्या कष्टाचा पुरावा म्हणून त्यांनी फोटो टाकला होता. खाली मजकुरांची रांग लागली होती.

"हीच का आपली सिक्युरिटी?"

"कामगार दिन आहे राव. विश्रांती घेऊ द्या."

"चोर आला तर हा त्याला उशी मागेल."

दुसऱ्या वाक्याला मी हसलो. पलंगावर, उशीला टेकून. मग फोटो मोठा करून पाहिला आणि हसू तोंडावर तसंच राहिलं. ते आवरायचं कसं, ते कळेना.

संध्याकाळी कमिटी बसली. मी कमिटीवर सल्लागार आहे, म्हणजे मत मांडू शकतो आणि ते घेतलं नाही तर रागावू शकत नाही. चेअरमनचा फेटा उतरला होता, पण कपाळावर त्याचा वळ होता.

"एजन्सीला फोन टाकतो," ते म्हणाले. "उद्यापासून दुसरा माणूस. विषय संपला."

"म्हणजे त्याला काही न विचारता?" मी म्हणालो. "चेअरमन, तुमच्या कंपनीने असं केलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी गेट बंद पाडलं असतं."

ते जरा वरमले. बाकीचेही इकडेतिकडे पाहू लागले. खोलीतले बहुतेकजण कधी ना कधी 'हम सब एक है' ओरडलेले होते.

"मग तुम्हीच घ्या चौकशी," चेअरमन म्हणाले. "रीतसर. तुमच्याइतकं त्यातलं कुणाला कळतं इथं?"

हे वाक्य मला आवडलं. आवडायला नको होतं.

त्याला कारण आहे. कारखान्यात असताना मी युनियनतर्फे बचाव प्रतिनिधी म्हणून काम केलं आहे. एखाद्या कामगारावर आरोप ठेवला की कंपनी चौकशी लावायची. पुण्याहून एखादे वकील चौकशी अधिकारी म्हणून यायचे. त्यांच्यासाठी वेगळा कप, वेगळी बिस्किटं. आरोपपत्र वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "आरोप मान्य आहे का?" आमच्या बाजूला बसलेला कामगार तेवढ्यानेच घामाघूम व्हायचा. मी प्रत्येकाला आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये बसवून एकच गोष्ट घोकून घ्यायचो. मान्य नाही म्हणायचं. काही झालं तरी माफीनामा लिहून द्यायचा नाही. बाकी माझ्यावर सोड. त्या वकिलांच्या डामडौलाच्या मी मित्रांमध्ये नकला करायचो. त्यांचं ते खाकरणं, पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवणं. पण खरं सांगायचं तर टेबलाच्या त्या बाजूला बसायला कसं वाटत असेल, हे कुतूहल मला तेव्हापासूनच होतं.

माझा बेत साधा होता. चौकशीत तो सांगेल की आदल्या सकाळपासून तो सलग ड्यूटीवर होता. सकाळी त्याने घरी जायची परवानगी मागितली होती आणि ती दिली गेली नाही. हे नोंदवलं गेलं की दोष आपोआप एजन्सीवर आणि थोडा आमच्यावर येईल. त्याची नोकरी राहील, शिवाय आठवड्याच्या सुट्टीचा मुद्दा कमिटीपुढे ठेवता येईल. रीत पाळली की न्याय होतो, यावर माझा विश्वास होता. कारखान्यात तो पुष्कळदा खराही ठरला होता. फक्त तिथे रीतीच्या जोडीला बाहेर उभे असलेले काही शे कामगार असायचे. ते मी हिशेबात धरले नव्हते.

मी त्याला नोटीस दिली. शुद्ध मराठीत. 'आपणांस आपली बाजू मांडण्याची पुरेपूर संधी देण्यात येईल' असं त्यात लिहिलं होतं. आणि त्या दिवसापासून मी गेटवर थांबणं बंद केलं. चौकशी अधिकाऱ्याने तटस्थ राहिलं पाहिजे. आरोपीशी खाजगीत बोलणं म्हणजे चौकशी दूषित करणं. पुण्याच्या त्या वकिलांपैकी एकाने कंपनीच्या मॅनेजरबरोबर जेवण घेतलं होतं, तेव्हा मीच त्याच्याविरुद्ध लांबलचक तक्रार केली होती. तेव्हा मी आता मान सरळ ठेवून गेटमधून जात होतो. तो उठून उभा राहायचा. मी हलकीशी मान हलवायचो. तीसुद्धा मोजून.

माझ्या बायकोला हे पटेना. ती चाकणजवळच्या गावची, शेतकऱ्याघरची. इतकी वर्षं शहरात काढूनही तिने माहेरची बोली सोडलेली नाही आणि माझी पुस्तकी बोली घेतलेली नाही.

"अवो, जाऊन सांगा की त्याला काय बोलायचं ते! भ्यालाय त्यो."

"तसं सांगता येत नाही. मी चौकशी अधिकारी आहे."

"व्हय का? मग पगार कवा सुरू व्हतोय?"

"थट्टा नाही. उद्या कुणी म्हणायला नको की मी पक्षपात केला."

"कोन म्हननार हाय? आमी तर न्हाई म्हनत." आणि मग स्वयंपाकघराकडे डोळे करून, आवाज बारीक करून, "ती पोळ्या लाटतीय आत. सकाळधरनं एक सबुद बोलली न्हाई. तिला तरी सांगू का मी?"

"नको."

ते 'नको' मी जरा अधिकारवाणीने म्हणालो. आतली बाई ऐकत असणारच. पोळपाटावरचं लाटणं थांबलं होतं. मी नको म्हटल्यावर ते पुन्हा सुरू झालं. पुढचे दिवस तिच्या वेळेला मी चहासाठी आत जात नव्हतो. लिंबाचं सरबत हवं असलं तरी बाहेरूनच सांगायचो.

चौकशी क्लबहाऊसमध्ये ठेवली. टेबल टेनिसचं टेबल भिंतीला सरकवून एक टेबल मांडलं, पाण्याचे ग्लास ठेवले. मी पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवलं, आणि ठेवल्यावर माझ्या ते लक्षात आलं. एका बाजूला चेअरमन बसले होते, दुसऱ्या बाजूला एजन्सीचा फील्ड ऑफिसर, म्हणजे मोटरसायकलवरून सगळ्या सोसायट्यांचे वॉचमन सांभाळणारा, पांढऱ्या शर्टातला एक तरतरीत माणूस. भिंतीवर उपोषणाचा फोटो होताच.

वॉचमन इस्त्रीचा गणवेश घालून आला. बूट पॉलिश केलेले. तो उभाच राहिला.

"बसा ना," मी म्हणालो.

"न्हाई साहेब. बसल्यानंच तर झालंय सगळं."

चेअरमन हसले. फील्ड ऑफिसरही हसला. तो विनोद करत नव्हता.

मी आरोप वाचून दाखवला. एक मे रोजी दुपारी कर्तव्यावर असताना झोपलेला आढळणे. मग विचारलं, "आरोप मान्य आहे का?" प्रश्न माझ्या तोंडून इतका गुळगुळीत निघाला की मलाच नवल वाटलं.

"मान्य हाय साहेब." त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर ठेवला. माफीनामा होता. अक्षर त्याचं नव्हतं, सही त्याची होती. पुन्हा अशी चूक होणार नाही, एक डाव माफी असावी.

मी म्हणालो, "हे राहू द्या बाजूला. मला सांगा, त्या दिवशी तुम्ही झोपलात त्याला काही कारण होतं का? आदल्या रात्री तुम्ही कुठे होता?"

मी त्याच्याकडे पाहत होतो. जेवढं डोळ्यांनी सांगता येतं तेवढं सांगत होतो. त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं, मग फील्ड ऑफिसरकडे. फील्ड ऑफिसर फोन चाळत होता. चाळणारं बोट थांबलं.

"घरी व्हतो साहेब."

"नीट आठवा. रात्री ड्यूटीवर नव्हता तुम्ही?"

"न्हाई साहेब. सकाळीच आलो. येताना जरा डोकं दुखत व्हतं."

चेअरमन छताच्या पंख्याकडे पाहू लागले. त्यांना सगळं आठवत होतं. फेटा सावरत ते त्याच्याशी बोलले होते, आणि मी शेजारी होतो. आम्हा दोघांना ठाऊक होतं की तो खोटं बोलतोय आणि कुणासाठी बोलतोय. सलग ड्यूटी कागदावर आली असती तर एजन्सी अडचणीत आली असती, आणि एजन्सी अडचणीत आली तर त्याला कुठल्याच गेटवर उभं केलं नसतं. हे मला त्या क्षणी टेबलाच्या या बाजूला बसून समजलं. आदल्या दिवशी कॅन्टीनमध्ये बसवून बोलणारा माणूस त्याच्याकडे नव्हता, कारण तो माणूस अधिकारी झाला होता.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, 'मी तुम्हाला संध्याकाळी पाहिलं आणि सकाळीही पाहिलं.' पण चौकशी अधिकाऱ्याला साक्षीदार होता येत नाही. हा नियम मला पाठ होता. एका वकिलाने तसं केलं तेव्हा मी अख्खी चौकशी रद्द करवली होती. मी तो नियम मनात घोळवत बसलो, आणि तेवढ्यात माझ्या हाताने लिहूनही टाकलं : 'आदल्या रात्री आपण घरी होतो असे त्यांनी सांगितले.' अक्षर छान आलं. माझं अक्षर चांगलं आहे.

नंतर मी स्वतःला समजावून पाहिलं की नियम होता. पण नियमाने माझी जीभ धरली नव्हती. ती मीच धरली होती. बोललो असतो तर चेअरमन बाजूला होते, 'तुम्हीच म्हणाला होतात ना, कितीसा वेळ लागणार,' असं ते म्हणू शकले असते. ते मला नको होतं. नियम मग आयताच हाताशी आला.

निर्णय कमिटीने घेतला. आरोप मान्य, माफीनामा दिलेला, तेव्हा मानवतेच्या दृष्टीने काढून न टाकता एजन्सीने त्यांना अन्यत्र काम द्यावं. गेटवरची खुर्ची काढून घ्यावी. मी विरोध नोंदवला, दोन ओळींचा, सौम्य. चेअरमन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काहीही म्हणा, चौकशी एक नंबर झाली. एकदम प्रोफेशनल." मला तुळशीचं रोप देण्यात आलं. ते मी घेतलं. बायकोने ते गॅलरीत ठेवलं नाही, जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत ठेवून आली. "तुळशीचा दोष न्हाई, पन घरात नको," एवढंच म्हणाली.

पोळ्यांची बाई काही दिवस येत राहिली. एकटी येऊ लागल्यापासून तिला उशीर व्हायचा. नवऱ्याला चऱ्होलीला टाकलंय, बांधकामावर, असं तिने माझ्या बायकोला सांगितलं. येण्याजाण्यातच त्याचा जीव जायचा. मग त्यांनी काळेवाडीची खोली सोडली आणि तिकडेच कुठेतरी घेतली. इथली सगळी घरं तिच्या हातून गेली. शेवटच्या दिवशी तिने पोळ्या नेहमीपेक्षा जास्त करून ठेवल्या, दुसऱ्या दिवशीची सोय म्हणून. आम्ही त्या खाल्ल्या.

मी आठवड्याच्या सुट्टीचा विषय सर्वसाधारण सभेसाठी दिला. वॉचमन असो वा झाडूवाला, सोसायटीत काम करणाऱ्या प्रत्येकाला आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि त्या दिवशी बदली माणूस. चेअरमननी तो 'ऐनवेळी येणाऱ्या विषयां'त घातला. ऐनवेळचे विषय सगळ्यात शेवटी येतात. तिथपर्यंत बुफेवरची झाकणं निघालेली असतात. मी बोलायला उभा राहिलो तेव्हा समोर निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या आणि उरलेल्यांच्या हातात ताटं होती. मी तरी बोललो. त्या दिवशी तो माणूस रात्रभर ड्यूटीवर होता, मी पाहिलं होतं, आणि आम्ही त्याला सकाळी जाऊ दिलं नाही, हेही सांगितलं.

चेअरमननी शांतपणे विचारलं, "हे तेव्हा का नाही लिहिलंत?"

चेअरमन काही मूर्ख नाहीत. युनियनमध्ये उगाच टिकले नव्हते. मी खाली बसलो. विषय पुढच्या सभेवर गेला. पुढच्या सभेतही तो ऐनवेळीच आला.

मग एके दिवशी मी बस पकडून चऱ्होलीला गेलो. बायकोने पोळ्यांच्या बाईकडून ठिकाण विचारून ठेवलं होतं. तिकडे आता ज्वारीच्या तुकड्यालगत बारा-चौदा मजले उभे राहतात आणि मधून बैल जातो. पत्र्याचं कुंपण, पत्र्याचं फाटक, आणि फाटकात तो. मला पाहून त्याचा चेहरा खरोखर उजळला. त्यामुळे मला आणखी अवघड झालं.

"या या साहेब! इकडं कसं काय? वहिनी बऱ्या हायत?"

मी काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून आलो होतो. त्यातलं पहिलं वाक्य सुरू केलं, "त्या चौकशीबद्दल मला…"

"लई चांगलं केलं तुम्ही," तो मध्येच म्हणाला.

मला वाटलं तो टोमणा मारतोय. मी त्याच्याकडे नीट पाहिलं. तो टोमणा नव्हता.

"न्हाई, खरंच. आमाला कोन विचारतंय साहेब? वर्कशॉप बंद पडलं तवा फाटकाला कुलूप बघून कळलं. आदी एका सोसायटीतनं काढलं तर फोनवर, उद्या येऊ नको म्हनून. तुम्ही नोटीस दिली, टेबल मांडलं, पानी ठिवलं. बसा म्हनालाव. गावाकडं सांगितलं मी. चौकशी झाली म्हनलं माझी, लिवून घेतलं सगळं."

मी म्हणालो, "पण मी पाहिलं होतं तुम्हाला. रात्री तुम्हीच होता. मी तिथं ते बोललो नाही."

"ते ठाऊक हाय की मला. त्याचंच तर भ्या वाटायलं व्हतं. आता हे बोलत्यात का काय म्हनून. बोलला असता तर ह्या एजन्सीवाल्यानं मला हितं बी उभा केला नसता."

म्हणजे माझं गप्प बसणं त्याच्या सोयीचं झालं होतं. हे मला इतकं हवं होतं की ते घ्यायचा धीर झाला नाही. गप्प बसलो तेव्हा त्याची सोय माझ्या मनात नव्हती. हे निदान स्वतःपाशी तरी खरं ठेवावं, असं मी ठरवलं.

"इथे कसं आहे?" मी विचारलं. "पाळी किती? सुट्टी मिळते का? हे बघा, कामगार कार्यालयात अर्ज करू आपण. मी लिहितो, तुम्ही फक्त…"

"नको साहेब." पहिल्यांदाच त्याचा आवाज बदलला. "नीट चाललंय. नको."

त्याने वर पाहिलं. मीही पाहिलं. अर्धवट बांधलेल्या स्लॅबच्या कडेला पिवळं हेल्मेट घातलेला कुणीतरी उभा होता आणि आमच्याकडे बघत होता.

"तुम्ही निघा आता," तो हळू म्हणाला. "राग मानू नका. ड्यूटीवर बोलत उभा ऱ्हायलो की त्यो बोंब मारतोय."

मी पिशवीतून बायकोने दिलेला डबा काढून त्याच्या हातात दिला. त्याने तो पटकन फाटकाआड ठेवला. मी रस्त्याकडे वळलो आणि निरोप घेताना आपण जे बोलतो ते सवयीने बोलून गेलो.

"बरं, या एकदा घरी. सुट्टीच्या दिवशी. निवांत बसून बोलू."

शब्द तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय म्हणालो. त्यालाही कळलं. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी दुरुस्त करू पाहतोय हे बघून त्यानेच मला सोडवलं.

"येतो की साहेब," तो म्हणाला, आणि फाटक ओढून घेतलं.